दादाच्या पिशवीतली गोळी

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात डॉक्टर नव्हता, पण माझा दादा होता, आणि तोही मुंबईला होता. दिवाळीत आणि मे महिन्यात, वैशाखी पौर्णिमेच्या सुमाराला, तो यायचा, तेव्हा त्याच्या खांद्याला एक काळी रेक्झिनची पिशवी असायची. खाऊ वेगळ्या पिशवीत. ह्या पिशवीत फक्त गोळ्या. अंगदुखीच्या, सर्दीच्या, जुलाबाच्या, पित्ताच्या. काही कामावरच्या दवाखान्यातून मिळालेल्या, काही कुणाच्या तरी आजारपणातून उरलेल्या. तो पडवीत बसायचा आणि अख्खी वाडी जमायची. कुणाचा गुडघा, कुणाची छाती, कुणाची झोप. दादा जीभ बघायचा, दोन प्रश्न विचारायचा आणि पिशवीत हात घालायचा. लोक बरे व्हायचे. त्यातले निम्मे तसेही बरे झाले असते हे मला मोठी झाल्यावर कळलं, पण वाडीला कोण सांगणार? मुंबईची गोळी ती मुंबईची गोळी.

आता गंमत अशी, की आमचं घर अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारं नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच नवस, कौल, अंगारा सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. वडील लवकर वारले, मग मला वाढवलं ते दादानेच. मुंबईला नोकरीला लागला तरी पत्रातून, पुढे फोनवरून मला एकच शिकवायचा: बाय, कुणी सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही, का ते विचारायचं. मी इतकी विचारायला लागले, की शाळेतले गुरुजी मला हात वर करताना बघून पुस्तक मिटायचे. डी.एड. झाले, रत्नागिरीत नोकरी लागली, मुख्याध्यापकांशी भांडले, केंद्रप्रमुखांशी भांडले, सगळ्यांना का म्हणून विचारलं. एका माणसाला कधी विचारलं नाही. ज्याने विचारायला शिकवलं त्याला काय विचारायचं?

माझी शाळा मिरजोळ्याच्या बाजूला आहे, घरही तिथंच, भाड्याचं. लग्न केलं नाही. का केलं नाही हेही लोक विचारतात, त्यांना मी उत्तर देत नाही. एके दिवशी चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता पोटात अशी कळ आली, की खडू हातातून पडला. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत. मुलं आधी हसली, मग घाबरली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. मारुती मंदिराच्या पुढच्या एका हॉस्पिटलात सर्जन होते, त्यांनी सांगितलं की दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू, फार मोठं नाही, पण पूर्ण भूल द्यावी लागेल. घाई नाही, महिन्याभरात कधीही करा.

कधीही करा म्हटल्यावर ते ठरवणार कोण? दादा. आणि दादाच्या आयुष्यात सगळ्या गोष्टी रजेत ठरतात. आमच्याकडे लग्न रजेत, बारसं रजेत, कौलं शाकारणं रजेत, जमिनीची मोजणी रजेत. मेलेल्या माणसालाही मुंबईहून कुणीतरी पोहोचेपर्यंत थांबवून ठेवतात. त्या वर्षी तर गावात विहाराच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि दादा गावाच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. मंडळ म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गाव इथं असतं, पण गावाचे निर्णय मुंबईत एखाद्या चाळीच्या खोलीत होतात. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्यांनीही निमूट चालायचं. सभागृहासाठी दादाने किती वर्षं चपला झिजवल्या होत्या ते मला माहीत होतं. त्याने रजेचा हिशेब मांडला: सोमवारी बहिणीचं ऑपरेशन, बुधवारी घरी, शनिवारी सगळ्यांनी गावाला, रविवारी उद्घाटन. मी म्हटलं, टाके घेऊन मी त्या घाटातून एस.टी.ने कशी येणार? तो म्हणाला, गाडी करू. वहिनीलाही घेऊन आला. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या दुखण्याला त्याच्या रजेत जागा मिळाली होती.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं. बारीक चणीच्या, भराभर बोलणाऱ्या. स्कूटरवरून एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जायच्या. त्यांनी माझी नाडी धरली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, बाई, तुम्ही पळायला वगैरे जाता का? मी म्हटलं, पळते ना, पोरांच्या मागे. त्या हसल्या. तुमची नाडी मुळातच संथ आहे, म्हणाल्या. त्यात वाईट काही नाही, पण मला ते माहीत असायला हवं.

मग मी का म्हणून विचारलं, आणि त्यांनी ते वैतागून न सांगता नीट सांगितलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, म्हणजे आत बघायला जागा होते. पोट असं ताणलं की काही माणसांत हृदयाचे ठोके एकदम उतरतात. भुलीत माणूस स्वतः काही सांगू शकत नाही, म्हणून मी सारखी मॉनिटरकडे बघत असते, म्हणाल्या. गॅस हळूहळू भरायला सांगते. ठोके उतरलेच तर गॅस सोडायचा आणि ठोके वाढवणारं इंजेक्शन द्यायचं, ते मी आधीच भरून ठेवते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण माझी एक अट आहे, म्हणाल्या. तुम्ही कुठली गोळी घेता, कुठला काढा घेता, कुणी काय दिलंय, सगळं मला सांगायचं. मला न विचारता काही पोटात जाता कामा नये. काही गोळ्या अशा असतात की त्या हृदयाला आवरून धरतात, मग माझं इंजेक्शनही नीट चालत नाही.

हे त्या सांगत होत्या तेव्हा दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. काळी पिशवी त्याच्या मांडीवर होती.

मग त्यांनी रक्तदाब बघितला. तो वर होता. थोड्या वेळाने पुन्हा बघितला, तरी वर. भीतीने असेल, म्हणाल्या. रात्री घ्यायला एक गोळी लिहून दिली आणि स्पष्ट बजावलं, की सकाळी उतरला नाही तर आपण ऑपरेशन पुढे ढकलू, आठवडाभर औषध घेऊन मग बघू. मी बरं म्हटलं.  बाहेर आल्यावर दादा म्हणाला, आठवडाभर म्हणजे काय खेळ वाटला काय ह्यांना. मी म्हटलं, अरे, माझा जीव आहे तो. तो म्हणाला, तर तर, म्हणून तर आलोय.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत मी हिरवा झगा घालून बसले होते. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, पाणी नाही. वहिनी खाली गेली होती. दादा आत आला, हातात स्टीलच्या फुलपात्रात तळाशी घोटभर पाणी. दुसऱ्या हातात दोन गोळ्या. म्हणाला, "डॉक्टरीणबाईंचा फोन आलेला. प्रेशरसाठी ह्या दोन घे म्हणाल्या, घोटभर पाण्याबरोबर चालेल म्हणाल्या."

मी घेतल्या. जिच्या का म्हणून विचारण्याला सगळं केंद्र वैतागतं, तिने दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या आणि गिळल्या. दादाने फुलपात्र परत घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायचा तसा.

प्रेशर उतरलं. छान उतरलं. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि खूश झाल्या, पण नाडी धरून थोड्या थांबल्या. आज जरा जास्तच शांत आहे, म्हणाल्या. आणि मला विचारलं, "सकाळपासून काही घेतलंत?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला. आमच्याकडे थोरला माणूस उभा असला की उत्तर तोच देतो, त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलेलीच. दुसरं काही नाही."

आता बघा त्या वाक्याची करामत. बाईंना वाटलं, रात्रीची गोळी. मला वाटलं, फोनवरची. दोघींनाही ते खरं वाटलं. मीही मान डोलावली. आजही मला दोन गोळ्यांपेक्षा ह्या वाक्याचा राग जास्त येतो. गोळ्या देताना माणूस घाईत असेल, घाबरला असेल, अडाणीपणा असेल. पण असं वाक्य घाईत सुचत नाही. ते त्याने खोलीपासून दारापर्यंत येताना मनात जुळवलं असणार.

पुढचं मला आठवत नाही, आठवायला मी तिथं नव्हतेच. जागी झाले तेव्हा छातीवर कुणीतरी मुसळ घातल्यासारखं दुखत होतं. श्वास घेतला तरी बरगड्या ओरडायच्या. मी विचारलं, पित्ताशय तर खाली आहे, छाती का दुखते? नर्स म्हणाली, डॉक्टर सांगतील. पोटाला हात लावला तर एकच छोटी पट्टी. सर्जननी सांगितलेली दुर्बिणीची तीन-चार भोकं कुठं गेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढून माझ्या पलंगाजवळ बसल्या. दादा उभा होता, हातात पेजेचा डबा. त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. पोटात गॅस भरायला सुरुवात केली आणि माझे ठोके उतरायला लागले. त्यांनी गॅस थांबवला, सोडला, इंजेक्शन दिलं. एरवी त्याने ठोके वर येतात. माझे येईनात. पुन्हा दिलं, तरी येईनात. मॉनिटरवरची रेघ आडवी होत गेली. मग छाती दाबावी लागली, दुसरी औषधं द्यावी लागली. परत आले मी. पण ऑपरेशन तिथंच थांबवलं, खडे आहेत तिथंच आहेत.

सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला एकच गोष्ट समजत नाहीये. तुम्ही सकाळी काय घेतलं होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही दादाला फोनवर सांगितलं होतंत त्या दोन गोळ्या."

"मी फोन केला नव्हता," त्या म्हणाल्या.

मी दादाकडे बघितलं. तो पेजेच्या डब्याचं झाकण घट्ट करत होता. ते घट्टच होतं. बाईंनी त्याला विचारलं, कुठल्या गोळ्या दिल्या? त्याने पिशवीत हात घातला आणि एक पाकीट काढून पुढे धरलं. त्याच्या स्वतःच्या गोळ्या. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं होतं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सुरू केलेल्या, ठोके आवरून धरायच्या. बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, आत हिचं हृदय थांबत होतं तेव्हा मी सिस्टरला बाहेर पाठवलं होतं. तुम्हाला विचारायला. सिस्टर दोनदा येऊन विचारून गेली, हिला काही दिलंय का. तुम्ही दोन्ही वेळा नाही म्हणालात.

दादा म्हणाला, "मला वाटलं, सांगितलं तर ऑपरेशन थांबवाल."

हे ऐकल्यावर मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण बरगड्या इतक्या दुखत होत्या, की ओरडताही येईना. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त ओरडायचं होतं त्या दिवशी मला कुजबुजावं लागलं. मी म्हटलं, तू जा. तो गेला. पेज ठेवून गेला. ती मी खाल्ली नाही, आणि भूक तर सडकून लागली होती.

लोक म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. शेजारच्या काकू तर मीठमिरच्या घेऊन आल्या होत्या दृष्ट काढायला. मी म्हटलं, देव नाही हो काकू, डॉक्टरीणबाईंनी तारलं. आणि कोण मारी ते विचारू नका, ते घरातच आहे. काकूंना वाटलं मी गुंगीत बोलतेय.

वहिनीने त्याची बाजू घेतली. घेणारच. म्हणाली, तुझ्या चांगल्यासाठीच केलंनी ना त्यांनी, त्यांना काय माहीत असं होईल ते. मी म्हटलं, वहिनी, माहीत नव्हतं ते गोळी देताना. सिस्टर विचारायला आली तेव्हा माहीत झालं होतं ना? तेव्हा का नाही बोलला? वहिनी पदराशी खेळत राहिली. म्हणाली, घाबरले असतील. असेलही. पण मी आत मरत होते आणि हा बाहेर घाबरत होता, तर आधी कुणाची भीती बघायची? तीही बिचारी काय करणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि मग दादा शनिवारी गावाला गेला. होय, गेला. मी हॉस्पिटलातून घरी आले होते, वहिनीला माझ्यापाशी ठेवलं, आणि फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे म्हणत तो गाडीत बसला. मी अडवलं नाही. मला खरंच वाटलं होतं की तो आपणहून राहील.

रविवारी संध्याकाळी भावकीच्या ग्रुपवर उद्घाटनाचा व्हिडिओ आला. नवं सभागृह सुंदर दिसत होतं, ते मी कबूल करते. पंचशील झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, मग दादा माईकपाशी आला. पांढरा सदरा, गळ्यात निळा रुमाल. म्हणाला, माझ्या बहिणीचं हृदय मुळात कमजोर आहे, हे आम्हाला ऑपरेशन टेबलवर कळलं. ती मरणाच्या दारातून परत आली. तशा अवस्थेत तिला ठेवून मी समाजाच्या कामासाठी इथं उभा आहे. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. मी मोबाईल उपडा ठेवला, परत सरळ केला, परत बघितला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला मारायला निघालेली गोळी त्याच्या पिशवीतली, आणि कमजोर मात्र माझं हृदय.

त्या दिवशी मी रडले. वहिनी स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू आलं असणार, ती बाहेर आली नाही. मी रडले ते मेले असते म्हणून नव्हे. मला वाढवणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसाने माझ्या जिवावर उठून वर माझ्याच नावाने टाळ्या घेतल्या म्हणून. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार मी कित्येक वर्षं मुलांना वाक्यात उपयोग करायला देते. त्याचा अर्थ मला आता कुठे कळला.

गावाकडून फोन सुरू झाले. कमजोर हृदयाला काय खायचं, काय नाही. एका मावशीने तर सांगितलं, शाळा सोड, हृदयाला शिकवणं झेपायचं नाही. प्रत्येकाला खरं सांगायला घेतलं, तर लोक मध्येच म्हणायचे, जाऊ दे गो, भाऊ आहे तो. जणू भाऊ आहे म्हणून तो खोटं बोलू शकतच नाही, किंवा भाऊ आहे म्हणून बोललेलं चालतं. ह्यातलं नेमकं कुठलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. अहवाल बघून म्हणाल्या, तुमचं हृदय उत्तम आहे, संथ आहे पण उत्तम. मी म्हटलं, हे मंडणगडला माईकवरून सांगाल का? त्या पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

पण खडे पोटातच होते, आणि ते गप्प बसणारे नव्हते. महिन्याभरात पुन्हा कळ आली, पुन्हा उलट्या, डोळे पिवळसर. सर्जन म्हणाले, आता थांबून चालणार नाही. मला भीती वाटली, चांगलीच वाटली. पुन्हा तेच टेबल, तोच गॅस, आणि माझे ठोके पुन्हा खाली गेले तर? बाईंनी सांगितलं, ह्या वेळी ठोके उतरायची वाट बघायची नाही. आधीच इंजेक्शन द्यायचं, गॅस अगदी सावकाश आणि कमी दाबाने भरायचा, आणि पोटात काय आहे काय नाही ते मला आधी स्वच्छ माहीत हवं. बाकी सगळं माझ्याकडे, म्हणाल्या, पण हे तुमच्याकडे. मी म्हटलं, ह्या वेळी माझ्याजवळ कुणी नातेवाईक नको. त्या म्हणाल्या, सहीला तरी कुणीतरी लागेल हो.

आमच्या शाळेत मोठ्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, माझ्याहून धाकट्या. त्यांना विचारलं, येता का. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, रजा टाकली आणि आल्या. रात्रभर माझ्या खोलीत बसून राहिल्या. मुख्य म्हणजे मला काही खायला-प्यायला विचारलं नाही. कुणी न विचारल्याने इतकं बरं वाटू शकतं हे मला तेव्हाच कळलं.

सकाळी दार उघडलं तर दादा. वहिनीशी फोनवर बोलले होते, तिनेच सांगितलं असणार. मुंबईहून बसने आलेला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. खांद्याला पिशवी नव्हती. ती त्याने मुद्दाम आणली नव्हती आणि मला ते दिसावं म्हणून खांदा पुढे करून उभा होता.  वाढवलंय त्याने मला, ते कसं पुसणार? मी बस म्हटलं. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, माझ्यापासून लांब.  त्याने माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. गणिताच्या बाई वर्तमानपत्र उघडून बसल्या आणि त्याच्यावरून नजर हटवली नाही.

मला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा तो सोबत चालत आला. तेच दार, तोच दिवा. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, प्रेशर बघितलं. मग तोच प्रश्न विचारला, सकाळपासून काही घेतलंत? आणि सवयीने म्हणा, काळजीने म्हणा, दादाच बोलला. "काही नाही. खरंच काही नाही हो."

आणि ते खरं होतं. मला माहीत होतं, गणिताच्या बाईंना माहीत होतं. पण डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि त्या थांबल्या. सबंध गाव ज्याच्या शब्दावर सभागृह बांधतं, त्याचं खरं बोलणंही आता कुणाला खरं वाटेना. मला वाटलं, मी म्हणावं, खरं बोलतोय तो. एवढं तर म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "त्याला विचारू नका. मला विचारा."

बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, काही नाही, पाणीसुद्धा नाही. त्यांनी मान हलवली आणि मला आत घेतलं. स्ट्रेचर दारातून आत वळताना मी दादाकडे बघितलं. त्याने स्ट्रेचरच्या दांडीवरचा हात काढून घेतला.

ह्या वेळी ठोके उतरले नाहीत. इंजेक्शन आधीच दिलं होतं, गॅस सावकाश भरला, आणि माझं संथ हृदय आपल्या चालीने चालत राहिलं. खडे निघाले. मला ते एका छोट्या बाटलीत दाखवले, आमच्या कातळाच्या सड्यावरच्या जांभ्या चिऱ्याच्या खडीसारखेच दिसत होते, तांबूस आणि काळपट.

संध्याकाळी घसा सुकला होता. सिस्टरने सांगितलं, आता घोटभर पाणी चालेल. मी डोळे उघडले तर दादा पलंगाजवळ उभा होता, हातात तेच स्टीलचं फुलपात्र, तळाशी घोटभर पाणी. दुसरा हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवायला पुढे केला होता. पाण्यात काही नव्हतं. पाणीच होतं ते, मला दिसत होतं.

मी मान वळवली आणि विचारलं, "सिस्टर, हे पाणी तुम्ही दिलंय का?"